शहाण्णव पूर्णांक दोन

पडद्यावर मोटरच्या कार्यक्षमतेचा आकडा उमटला आणि चाचणीघरात एकच गलका झाला. शहाण्णव पूर्णांक दोन टक्के! चुंबकाशिवाय चालणाऱ्या मोटरने पंच्याण्णव गाठले तरी खूप झालं, असं सगळे धरून चालले होते. विभागप्रमुखांनी तिथूनच ग्राहकांना फोन लावला आणि गुरुवारी बघायला बोलावलं.

मोटर तिची होती, विभागातल्या इंजिनिअरची. चुंबकांना लागणारे धातू मोजक्याच खाणींतून येतात, आज मिळतात, उद्या अडतात. म्हणून तिने चुंबक काढूनच टाकले. फिरणाऱ्या भागात नुसत्या पोलादी चकत्या एकावर एक रचलेल्या, त्यांत कमानीसारख्या फटी. चुंबकत्व पोलादातली सोपी वाट धरतं आणि त्या ओढीने चकत्या फिरतात. त्या फटींचा आकार ठरवण्यात तिची दीड वर्षं गेली होती.

सगळे पांगल्यावर तिने मोटरला सहज तळहात लावला आणि चटकन मागे घेतला. मोटर चांगलीच तापली होती.

घरी जेवताना आई म्हणाली, "आकडा चांगला आला म्हणतेस, मग तोंड का पाडलंयस?"

"जरा जास्तच चांगला आलाय."

"कमाल आहे बाई तुझी! परीक्षेत पैकीच्या पैकी पडले तरी पेपर पुन्हा तपासायला निघायचीस."

ती उठली, पाणी प्यायली, पुन्हा बसली. ताटातला घास तसाच राहिला. वाया जाणारी वीज उष्णता होऊन बाहेर पडते. हा आकडा खरा असेल तर मोटर इतकी तापायलाच नको होती. मग ही जास्तीची उष्णता येते कुठून?

सकाळी ती सगळ्यांच्या आधी चाचणीघरात पोचली. तिथले जुने तंत्रज्ञ पुसायचं फडकं घेऊन उभे होते. दिसेल त्या यंत्रावर बोटाने टकटक करायची त्यांना खोड, म्हणून सगळे त्यांना ठोकेकाका म्हणत.

"काका, पीळ मोजायचा मीटर शेवटचा कधी तपासला होता?"

काकांचं फडकं थांबलं. "मागच्या महिन्यात काढून परत बसवला, मॅडम. वजनं टांगून बघायचं राहून गेलं." मग हळूच म्हणाले, "साहेबांना सांगणार?"

"आधी वजनं आणा."

त्यांनी मीटरला आडवा दांडा बसवला, त्याच्या टोकाला वजनं टांगली. मीटर मोटरचा जोर दोन टक्के जास्त दाखवत होता, म्हणून आकडाही फुगला होता. तिने वजनं बदलली, दांडा दुसऱ्या बाजूला फिरवला. उत्तर तेच. खरा आकडा होता चौऱ्याण्णव पूर्णांक तीन.

"ग्राहक परवा येतायत," तिने नवा आकडा सांगताच विभागप्रमुख म्हणाले. "तुला आत्ताच हे सुचलं?"

"आत्ताच कळलं, सर. त्यांच्याकडेही मीटर असतील."

"चूक कोणाची?"

"मीटर तपासल्याच्या कागदावर सही माझी आहे. मी तो न वाचताच केली."

"मीटर मी बसवला होता, साहेब," दारातून काका म्हणाले.

साहेबांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, पाठ फिरवली आणि फोन उचलला. ते काय बोलले ते तिला ऐकू आलं नाही. गुरुवारची भेट रद्द झाली. तीन आठवडे साहेब तिच्याशी कामापुरतंच बोलले.

ती पुन्हा फटींकडे वळली. एक आकार काढायचा, तो पुसायचा, दुसरा काढायचा. चाचणीघरातून आईशी फोनवर बोलतानाही पेन्सिल चालूच असे. चौथ्या महिन्यात, पाचव्या आकाराला पंच्याण्णव पूर्णांक एक आले. या वेळी कोणी गलका केला नाही. तिने स्वतःच मोटर दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवली. पंधरा दिवसांनी तिथलं पत्र आलं, त्यात बरोबर पंच्याण्णव लिहिलं होतं. साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि ग्राहकांना नवी तारीख द्यायला सांगितलं.

"झालं ना तुझ्या मनासारखं?" संध्याकाळी आईने विचारलं. "मग आता तरी जरा स्वस्थ बस."

"हो," ती म्हणाली आणि आतली फट किंचित अरुंद केली तर काय होईल, ते बघायला कागद शोधू लागली.