माठाला बांधलेला पट्टा

ऊन पचवावं तर अभिमन आबांनीच, असं शिंदखेड्याच्या अलीकडच्या चार गावांत मानलं जाई. मानलं जाई म्हणजे आबाच तसं सांगत. एका वैशाखात सायकलची सीट वितळून गळून पडली, आपण धुळ्यापर्यंत नुसत्या नळीवर बसून गेलो आणि वाटेत एक कावळा उडता उडता भाजून हातात आला, हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं होतं की आता तो कावळा त्यांना खरोखरच आठवे.

म्हणून भादव्यात हेमांगी मॅडम धुळ्याच्या शेती कॉलेजातून आल्या, तेव्हा पहिलं नाव आबांचंच लागलं. कपाशीवर फवारताना औषध अंगात जाऊ नये म्हणून मॅडमनी पांढरे पोशाख आणले होते, मानेपासून घोट्यापर्यंत बंद. त्यात वारा शिरत नाही, घाम वाळत नाही. आत माणूस किती शिजतो ते मोजायला छातीला पट्टा. अंगाची ऊब आणि काळजाचे ठोके तो मोजणार, आकडे दर दहा मिनिटांनी बाभळीखाली बसलेल्या मॅडमच्या मोबाइलवर दिसणार. ऊब साडेअडतीसच्या वर गेली की पट्टा वाजणार, आणि वाजला की पंप उतरवून सावलीत यायचं.

दुसरा पोशाख जावयाला मिळाला. योगराज साक्रीकडचा. पोळ्याला सासरी आला, तो फवारणीला थांबला.

"आबा, तुम्ही सावलीमां बसा. मी करस ना बठ्ठं."

"जावई, ऊन तुमले लागी. माले काय व्हस?"

अर्ध्या तासानं पट्टा वाजला. आबांचा.

डोळ्यांपुढं काजवे चमकत होते, जीभ टाळूला चिकटली होती. पण शेजारच्या ओळीत जावई पंपाचा दांडा हाणत होता, आणि त्याच्याआधी जाऊन बाभळीखाली बसायचं म्हणजे आबांना मेल्याहून मेल्यासारखं. ते गुपचूप शेताच्या मावळतीच्या टोकाला गेले. लिंबाखाली पाण्याचा माठ होता, ओलं फडकं गुंडाळलेला. आबांनी पोशाखाची चेन उघडली, पट्टा सोडला आणि माठाच्या पोटाला बांधला. पट्टा गप्प झाला. घोटभर पाणी पिऊन आबा पुन्हा ओळीत शिरले, आपल्याच हुशारीवर मिशीत हसत.

एवढ्यात योगराजचा पट्टा वाजला.

"आबा, तुमना वाजना का?" त्यानं कपाशीपलीकडून विचारलं.

"मना? नही."

मग संपलंच. सासरा उभा आणि जावई बसला, ही बातमी त्याच्याआधी साक्रीला पोचली असती, आणि पोचवणारे आबाच. योगराज पुढं चालत राहिला.

बाभळीखाली मॅडमनी मोबाइल पाहिला. योगराज : एकोणचाळीस. अभिमन : ऊब चोवीस, ठोके शून्य.

एकाचं अंग तापलेलं, दुसऱ्याचं काळीज थांबलेलं. माणसं कुणाकडे धावणार? शेताचे मालक तोताराम भाऊ "आबा गया रे" म्हणत बादली घेऊन सुटले, मागं मॅडम. आबांना त्या टोकाला जाताना कुणीतरी पाहिलं होतं. सगळे लिंबाकडे धावले.

आबांनी आपलं मरण कानांनी ऐकलं. उभं राहून 'मी आठे शे' म्हटलं असतं तर भागलं असतं. पण मग पट्टा कुठं आहे तेही सांगावं लागलं असतं. छातीएवढ्या कपाशीत आबा खाली बसले.

तिथून, खोडांच्या मधून, त्यांना योगराजचे पांढरे पाय दिसले. दोन पावलं तिरपी पडली. मग गुडघे. मग तो अख्खाच आडवा झाला.

नंतर आबा ओरडले. माणसं लिंबाकडून उलटी पळत आली. योगराजचा पोशाख फाडून काढला, अंगावर बादल्या ओतल्या, गाडीत घालून तालुक्याला नेलं.

संध्याकाळी तो शुद्धीवर आला. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर काही सांगता आलं नसतं. मग कुठं लोकांना हसू सुचलं. "माठ मेला, आबा जिवत शे," तोताराम भाऊ दवाखान्याच्या ओट्यावर येईल त्याला सांगत होते. हसण्यावारी नेलं की आबांनाही माफी मिळालीच, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. मॅडम मात्र हसल्या नाहीत, म्हणाल्या, "आबा, तो पट्टा तुमच्यासाठी होता." यालाही आबांनी मान डोलावली.

आबांची लेक पुनम आतून आली. नवऱ्याजवळ बसून बसून डोळे सुजले होते.

"ते म्हनतस, आबा वरडनात म्हनीसन मी वाचनू," ती म्हणाली आणि पाया पडायला वाकली.

आबांनी पाय बाकाखाली ओढून घेतले.

"पुनम, थांब. मी कपाशीमां बठेल व्हतू. त्यासले पडताना मी देखं. लगेच नही वरडनू."

"कितला येळ?"

जन्मात कुठला आकडा धड न सांगितलेले आबा तो वेळ मनात मोजू लागले. वाढवायचं नव्हतं, कमीही करायचं नव्हतं.

"मना समोर एक लाल किडा बोंडवर चढना. वर जाईसन थांबना. मंग दुसरी बाजूथीन उतरना. तितला."

पुनम सरळ उभी राहिली. ओट्यावर कुणीतरी पुन्हा माठाचं विचारलं, पुन्हा हशा झाला.

"माले त्यासनी माफी मांगनी शे," आबा म्हणाले. "आत येऊ का? मीच सांगस त्यासले."

"नही," पुनम म्हणाली. "मी सांगसू. तुम्ही सांगशात तर त्यानी बी गोष्ट व्हई जाई, त्या कावळानी झायी तशी."

ती आत गेली. दार तिनं हळूच लोटलं.