दोन बोटं वर धागा

मास्तरांनी कात्री धरली की सूतभर इकडचं तिकडे व्हायचं नाही, आणि नेमकं तेच त्या झाडाच्या मुळावर आलं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिलाईचे. कोपऱ्यावर, राहत्या घराच्याच पुढच्या गाळ्यात तीस वर्षं त्यांचं मशीन खडखडत होतं. ते मास्तर, म्हणून त्यांची बायको मास्तरीणबाई. फळ्यावर तिनं जन्मात एक अक्षर लिहिलं नव्हतं, पण नाव पडलं ते पडलं. दीड महिन्यापूर्वी मास्तरीणबाई गेली. तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत खेळ आटोपला. मागे राहिलं ते मास्तर, दूरच्या शहरात नोकरी करणारी लेक, आणि गच्चीवरचं ड्रॅगनफ्रूट.

ते झाड तिनं जिवापाड जपलं होतं. कापलेल्या पिंपात माती, मधोमध सिमेंटचा खांब, खांबाच्या डोक्यावर स्कूटरचा जुना टायर. त्या टायरमधून तिधारी, काटेरी फांद्या चारी बाजूंनी खाली लोंबायच्या. मास्तरांना त्यात काडीचा रस नव्हता. फूल रात्री उमलतं आणि उजाडायच्या आत मिटतं. ती गच्चीवरून हाक मारायची, “अहो, वर या, बघा तरी!” हे खालून म्हणायचे, “उद्या बघतो.” असं किती वर्षं चाललं याची मोजदाद कुणी ठेवली नाही.

लेकीचा फोन आला. “बाबा, महिनाअखेरीला येतेय. आईच्या झाडाची फांदी इकडे आणून लावायचीय मला. झाड ठीक आहे ना?”

“ठणठणीत आहे,” मास्तर म्हणाले. एका हाताने कॉलर मशीनखाली सरकवत होते, त्यामुळे तिला अर्धंच ऐकू गेलं.

आणि तिसऱ्याच दिवशी घरमालक दारात उभा. गच्ची गळतेय, आठवड्याभरात सगळी उखडायची, तेवढं ते काटेरी जंगल हलवा. मास्तर हात जोडून म्हणाले, “अहो, तिची एवढीच एक आठवण आहे.” मालक काही वाईट माणूस नव्हता. पण त्याच्या स्वयंपाकघरात पाणी टपकत होतं, आणि खांबासकट ते पिंप चार माणसांनाही हललं नसतं.

झाड हलत नाही तर फांद्या कापून लावाव्यात, एवढं मास्तरांना ऐकून माहीत होतं. बाकीचं कुणाला विचारावं, हे त्यांच्या मनातही आलं नाही. तीस वर्षं लोकांचे हात, पाय, पाठी कापल्या, मग फांदी ती काय! कापडाची मोठी कात्री आणि टेप घेऊन ते गच्चीवर गेले. टेप लावून नऊ-नऊ इंचांवर खुणा केल्या आणि अठरा तुकडे कापले. दोन्ही टोकं सारखी, सरळ, तिरपेपणाचं नाव नाही. टोपलीत रचले तेव्हा त्यांना जरा अभिमानही वाटला. आता कुठलं टोक वरचं आणि कुठलं खालचं, हे त्या टोपलीतल्या तुकड्यांनाच ठाऊक. मास्तरांच्या ते गावीही नव्हतं.

संध्याकाळच्या आत अठरा डबे भरून झाले. काळीभोर माती, भरपूर खत, वरून तांब्या-तांब्या पाणी. नंतर रोज सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी. बायकोला कधी पाण्याचा पेला हातात दिला नसेल, ती सगळी कसर त्या डब्यांवर निघाली. तिकडे गच्चीवर कामगारांनी खांब आडवा केला, पिंप फोडलं, आणि उरलेलं झाड मुळांसकट कचऱ्याच्या गाडीत गेलं.

आठवड्याभरात पहिले तीन पिवळे पडले. मास्तरांनी पाणी वाढवलं. मग बुडाशी तपकिरी डाग दिसू लागले, कुबट वास यायला लागला. एक उपटून पाहिला तर खालचा भाग चिखलासारखा बोटांना लागला. काही तुकडे तर न कुजताच नुसते सुरकुतत चालले.  रोज एकेक डबा मास्तर मागच्या दाराने रिकामा करायचे, चोरी लपवावी तसे. लेक फोनवर विचारायची, हे म्हणायचे, “आहे, आहे.” महिनाअखेरीला चार दिवस उरले तेव्हा दुकानाच्या पायरीवर एकच डबा होता.

त्या दिवशी पोस्टातल्या बाई गणवेशाच्या बाह्या आखूड करून घ्यायला आल्या. जुनं गिऱ्हाईक. मास्तरीणबाईशी त्यांचं गूळपीठ. पायरीवरचा डबा बघून त्या वाकल्या, तुकडा दोन बोटांनी दाबला, आणि एकदम म्हणाल्या, “अहो मास्तर, हा उलटा लावलाय!”

“उलटा?”

“डोकं खाली, पाय वर. मूळ फुटणार कुठून त्याला? आणि हे पाणी? तळं केलंत की डब्याचं!” मग त्यांचं लक्ष मास्तरांच्या चेहऱ्याकडे गेलं आणि आवाज खाली आला. “ताईंचं आहे का हे?”

मास्तरांनी मान हलवली. 

“चला माझ्याबरोबर,” बाई म्हणाल्या. “बाह्या राहू देत.”

दोन गल्ल्या सोडून त्यांचं घर. खिडकीच्या गजांवर तेच झाड चढलेलं होतं, हिरवंगार, टोकाला नवी कोवळी फूट. मास्तरांना वाटलं, त्या झाडाला मिठी मारावी. काटे होते म्हणून राहिले.

“गेल्या वर्षी ताईंनी दिलं,” बाई म्हणाल्या. “मलाच काय, बेकरीवालीला दिलं, दवाखान्यातल्या नर्सला दिलं. तुमच्याच दुकानात तर बसून सांगायच्या. फांदी चांगली जून घ्यायची. कापली की लगेच लावायची नाही, आठ दिवस सावलीत ठेवायची. त्या म्हणायच्या, ‘ओली जखम आहे ती. खपली धरू दे, मग मातीत घाल, नाहीतर कुजेल.’ मातीत निम्मी वाळू हवी. पाणी बोटानं चाचपून, माती सुकल्याशिवाय थेंब नाही. ‘तहान लागू दे त्याला,’ म्हणायच्या, ‘लाडानंच मरतं हे.’ तुम्ही ऐकलं नाहीत कधी?”

ऐकणार कसं? मास्तरांच्या तीन हात मागे, एका स्टुलावर बसून ती सांगत असे आणि मास्तरांचा पाय खडखडत्या मशीनच्या पायट्यावर असे. सगळ्या आळीनं जे ऐकलं ते फक्त त्यांच्याच कानावर पडलं नव्हतं. मास्तर बघत राहिले. तिचेच शब्द, तिचीच ती बोट नाचवायची ढब, आणि तोंड दुसऱ्याच बाईचं.

मग त्यांचं लक्ष बुंध्याकडे गेलं. मातीच्या जरा वर एक धागा बांधलेला होता. विटका, जांभळा, लोकरीचा.

“हा कशाला?”

“ती तर ताईंची खूण. फांदी कापली की खालच्या टोकापासून दोन बोटं वर धागा बांधायच्या. धाग्याकडचं टोक खाली, आणि धाग्यापर्यंतच मातीत. म्हणजे कुणी उलटं लावायला नको, खोल लावायला नको.” बाई हसल्या. “आधी सगळ्यांना लाल धागा असायचा. मी विचारलं, मला जांभळा का? तर म्हणाल्या, तसला लाल आता बाजारात येत नाही.”



लाल धागा बाजारात ढीगभर येत होता. तो मास्तरांच्या खणात कुलूपबंद होता. दोन वर्षांपूर्वी ऐन शिवणीत लाल रीळ संपलं, तेव्हा दुकानभर गिऱ्हाइकांसमोर ते तिच्यावर कडाडले होते, “धागा काय झाडांना नेसवतेस?” खणाला कुलूप लावून किल्ली त्यांनी खिशात टाकली. ती एका शब्दानं बोलली नाही. आणि बाहेर कुणाला कळूही दिलं नाही.

आणि तो जांभळा रंग त्यांच्या ओळखीचा होता. तिची शाल. ती गेल्यावर कपाटातून काढली तर एका बाजूचा काठ पार उसवलेला. शिंप्याच्या बायकोची शाल अशी, याची त्यांना लाज वाटली होती, आणि पहिल्याच आठवड्यात, डोळे पुसत, त्यांनी तो काठ दुमडून अशी बारीक टीप घातली की लग्नाच्या कोटालाही कधी घातली नव्हती.

बाईंनी एक जून फांदी कापली. पुडक्याची सुतळी बांधायला घेतली तेव्हा मास्तर म्हणाले, “नको. धागा आहे माझ्याकडे.”

“मग अशीच धरून न्या. हे खालचं टोक.”

मास्तरांनी ती दोन्ही हातांनी उभी धरली आणि तशीच भर रस्त्यातून घरी आणली. लोक बघत होते. बेकरीवाली काहीतरी म्हणाली, तिला त्यांनी उत्तर दिलं नाही, फांदी कलेल म्हणून.

घरी खण उघडला. लाल रिळं तीन, जशीच्या तशी. खण त्यांनी पुन्हा लावून टाकला. मग शाल मांडीवर घेतली आणि आपलीच टीप उसवायला बसले. टाका बारीक, डोळे भरलेले, अर्धा तास गेला. काठ सुटला तसा त्यांनी त्यातून एक जांभळा धागा ओढून काढला आणि खालच्या टोकापासून दोन बोटं मोजून बांधला. टेप घेतली नाही. फांदी तिच्या स्टुलावर, सावलीत, आडवी ठेवली. स्टूल रिकामं नव्हतं एवढंच, पण मास्तर त्याच्याकडे बघून लहान पोरासारखे रडले.

फोन वाजला. लेकच होती.

“बाबा? आज मशीनचा आवाज नाही?”

“बंद केलंय. तू बोल.”

ती गोंधळली. एवढ्या वर्षांत बाबांनी असं तिला कधी म्हटलं नव्हतं. “काही नाही हो. झाडाचंच विचारत होते.”

“झाड गेलं बेटा. माझ्या हातानं गेलं. मी खोटं सांगत होतो तुला.”  मास्तर पुढे म्हणाले, “एक फांदी मिळालीय. पण तू आलीस तरी लगेच द्यायची नाही. आठ दिवस सुकू द्यायची, ओली जखम आहे ती. मग निम्म्या वाळूत लावायची. पाणी मागितल्याशिवाय द्यायचं नाही.”

“तुम्हाला हे कुणी सांगितलं?” लेकीनं विचारलं.

“तुझ्या आईनं,” मास्तर म्हणाले. “रोज सांगत होती. मीच आज ऐकलं.”