दोन अंश कमी

सोमवारी सकाळी अकरा वाजता मी माझा ब्रेस इस्पितळात परत केला आणि पोच घेतली. हे घडलेलं नाही. ब्रेस अजून माझ्या उजव्या पायाला आहे, असं धरून चालू.

गुडघ्याचं लिगामेंट कॅरम खेळताना तुटलं. जिंकल्यावर उडी मारली होती. ऑपरेशननंतर मांडीपासून पोटरीपर्यंतचा, चार पट्ट्यांचा ब्रेस वापरायला मिळाला. दोन्ही बाजूंना बिजागऱ्या, त्यावर आकडे. दर आठवड्याला कोन थोडा वाढवायचा. गुडघा काटकोनात वाकला, की ब्रेस परत.

बिजागरी म्हटल्यावर बाबांचा अधिकार सुरू झाला. बाबा सुतार. मी त्यांचं काम सोडून कॉम्प्युटरसमोर बसायला लागलो, तेव्हापासून आमचं बोलणं "जेवलास का" आणि "हो" एवढ्यावर सुरळीत चाललं होतं. आता ते रोज सकाळी कानावर पेन्सिल ठेवून माझ्या पायाशी बसत. खालून वर एकेक पट्टा आवळत आणि फार घट्ट नाही ना, हे आत बोट घालून बघत. पहिलीत माझ्या बुटांच्या नाड्याही असंच बोट घालून बांधायचे. तेव्हा त्यांच्या केसांत भुसा असायचा. आता केस कमी झालेत, भुसा तेवढाच आहे.

मी कण्हलो, की म्हणत, "दार करकरलं तर तेल घालतात, त्याची समजूत काढत बसत नाहीत." मग गप्पा. आठव्या वर्षी मी केलेलं स्टूल, ज्याचा चौथा पाय लावायचा राहिला, ते त्यांनी अजून जपून ठेवलंय, हे मला तिसऱ्या पट्ट्याच्या वेळी कळलं.

सहाव्या आठवड्यात त्यांनी गुण्या आणला. काटकोन तपासायचं हे त्यांचं लोखंडी हत्यार. चाळीस वर्षांत त्यांचा काटकोन कधी चुकलेला नाही. त्यांनी तो गुडघ्यामागे टेकवला. मध्ये उजेडाची फटसुद्धा नव्हती.

बाबांनी गुण्या काढून मांडीवर ठेवला.

"दोन अंश कमी आहे," ते म्हणाले. "अजून आठवडाभर राहू दे."

"मला तर तीन वाटतात," मी म्हणालो.

आठवड्याने फिजिओताईंनी प्लास्टिकच्या कोनमापकाने मोजून पंच्याण्णव अंश सांगितले. तोच तो सोमवार. घरी आल्यावर बाबांनी गुण्या खिळ्याला अडकवला आणि जेवलास का, विचारलं. मी हो म्हणालो.

प्रति,
अस्थिरोग विभाग.
विषय : डाव्या गुडघ्याबाबत.
महोदय, सदर गुडघा पूर्णपणे निरोगी आहे. तरी त्याचेही ऑपरेशन करून किमान सहा आठवड्यांसाठी ब्रेस मंजूर करावा, ही नम्र विनंती. मोजमापासाठी गुण्या घरचा आहे.