सोन्याची पंगत

काजल मॅडम हसल्या की आमच्या किन्हवलीच्या कॉलेजातला खडूस शिपाईसुद्धा हसतो. मला नाय जमत तसलं. मी इथे कितीतरी वर्षं तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवतेय, घसा फोडून. बाई आल्या दिवाळीनंतर. आणि आता कायमची जागा निघाली ती एकच. दोघींनी एकेक तास घ्यायचा, प्राचार्य मागच्या बाकावर बसणार आणि ठरवणार.

माझा तास आधी झाला. जड मूलद्रव्यांत इलेक्ट्रॉन कुठे बसतात, ते मी बाणांचा तक्ता लावून शिकवलं. एक चूक नाही. वर्ग चिडीचूप.

मग काजलबाईंनी त्याच विषयासाठी फळ्यावर मांडव काढला. मांडव!

"आपल्याकडे लग्नात आधी कोण जेवतं?"

"पाहुणे," सगळे ओरडले.

"बाहेर मांडवात. घरची माणसं आतल्या खोलीत, मागाहून. इलेक्ट्रॉनांचंही तसंच. बाहेरचं सिक्स एस आधी भरतं, आतल्या खोल्या, म्हणजे फोर एफ आणि फाइव्ह डी, नंतर."

पोरं खिदळली. प्राचार्य मान डोलवायला लागले. माझा नुसता जळफळाट झाला. मी मागून गोड आवाजात विचारलं, "मॅडम, सोन्याची मांडणी लिहून दाखवता का?"

तिने लिहिलं, फाइव्ह डीच्या दहा जागांत नऊ, सिक्स एसमध्ये दोन. फसली! सोनं नियम मोडतं, आत दहा आणि बाहेर एक. देव पावला म्हणत मी उठणार, तेवढ्यात डोळखांबची रंजिता उभी राहिली. माझ्या तासाला ही कायम खिडकीबाहेर बघते.

"मॅडम, आत दहा पानं मांडलीत ना? मग एक पान मोकळं ठेवून पंगत सुरू करत नाय. आमच्याकडे मांडवातला एक उठवून आत बसवतात."

काजलने डस्टर उचललं. मग नऊ पुसून दहा केलं, दोनचं एक केलं. "बरोबर गो. माझंच चुकलं," ती म्हणाली आणि हसली. वर्गाने टाळ्या वाजवल्या.

प्राचार्य माझ्याकडे वळले. "मिताली मॅडम, चूक तुमच्याही लक्षात आली होती ना?"

"हो सर. लगेच."

"तुमच्या तासाला कधी कुणी तुमची चूक काढली?"

"कधीच नाही," मी ताठ मानेने सांगितलं.

त्यांनी रंजिताकडे बघून मान डोलावली. पुढच्या बाकांवर पोरं अजून पानं मोजत होती, आणि जागा कुणाला गेली ते मला तिथेच कळलं.