किनाऱ्यावरचा संपर्क

झोपायला सहा बंक, चार दिवस, तीन रात्री आणि एकच संडास. बोटमालकाने अकरा वर्षांपूर्वी हे सांगितलं, तेव्हापासून मंडळींची सहल या आकड्यांत बसवायचं काम वहिनींकडे होतं. वहिनी म्हणजे मास्तरांची बायको. शाळेत सुतारकाम शिकवणारे मास्तर निवृत्त झाले तरी मास्तरच राहिले, आणि त्यांच्या मित्रांनी लग्नानंतर जिला वहिनी म्हटलं ती हळूहळू अख्ख्या गल्लीची वहिनी झाली. कपडे शिवायला टाकणाऱ्या बायकासुद्धा त्यांना वहिनीच म्हणत.

दर वर्षी सहा पुरुष भाड्याच्या बोटीने मासे धरायला खोल समुद्रात जायचे, अगदी किनारा दिसेनासा होतो तिथपर्यंत. बर्फ किती, गळाला लावायचं गोठवलेलं माकूल किती, माणशी पिण्याचं पाणी किती, उलटीची गोळी कोण आपणहून घेतो आणि कुणासमोर ती गिळेपर्यंत उभं राहावं लागतं, कठड्याला कोण कुठे उभा राहणार आणि दर दोन तासांनी जागा कशा बदलणार, हे सगळं वहिनींच्या शिलाईच्या टेबलावर ठरायचं. म्हणजे मंडळी चहा प्यायची, मोठमोठ्याने बोलायची आणि "ठरलं तर मग" म्हणून उठायची. ती गेली की वहिनी ठरवायला बसायच्या.

सगळ्यात शेवटी बोटमालकाचा फॉर्म. नाव, वय, रक्तगट, पोहता येतं का, आणि शेवटच्या रकान्यात किनाऱ्यावरचा संपर्क. त्या रकान्यात सहाही ओळींत एकच फोन नंबर असे, वहिनींचा. स्वतःचा नंबर त्यांनी दर वर्षी सहा वेळा लिहिला होता आणि दर वर्षी धक्क्यावर उभं राहून हात हलवला होता. त्यांनी पाहिलेला समुद्र एवढाच.

या वर्षी मंडळींतल्या न्हाव्याची कंबर धरली. इतकी की दुकानात गिऱ्हाइकाऐवजी तोच खुर्चीत बसू लागला. मंगळवारी त्याने फोन करून सांगितलं, "वहिनी, माझं नाव काढा." वहिनींनी नाव काढलं. सहावी ओळ रिकामी झाली आणि त्या तिच्याकडे बघत बसल्या. त्यांना जायचं होतं. लहानपणी पोहण्याच्या शर्यतीत त्या तलाव दोनदा पार करायच्या, त्यालाही आता चाळीस वर्षं झाली होती. चारी बाजूंना नुसतं पाणी असतं म्हणजे काय असतं, हे त्यांना दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचा आता कंटाळा आला होता. मंगळवारपासून शनिवारपर्यंत त्यांनी मशीन चालवता चालवता एकच वाक्य घोटलं.

रविवारी दुपारी तीन वाजता मंडळी जमली. मास्तर घरातच होते. औषधांच्या दुकानाचे मालक आले, त्यांना सगळे औषधवाले म्हणत. छताला हात लागणारा वायरमन लांब्या आला. घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळजी आले, बेकरीवाला आला. आणि त्यांच्यामागून एक अनोळखी माणूस आला, त्याच्या हातात मासे धरायची नवीकोरी छडी होती आणि छडीवर किमतीचं लेबल तसंच लोंबत होतं.

"हे आपल्या दातांच्या डॉक्टरांचे मेहुणे," औषधवाले म्हणाले. "न्हाव्याच्या जागी."

घोटलेलं वाक्य तसंच राहिलं. त्यांनी चहा टाकला.

मंडळींचा एक नियम होता. काही वर्षांपूर्वी बोटीवर ऐन वेळी न्हाव्याने स्वतः मारलेली गाठ सुटून हाताशी आलेला मासा गळासकट गेला होता, तेव्हा मास्तरांनी तो केला होता. नव्या माणसाने बादलीची परीक्षा द्यायची. आपल्या हाताने नायलॉनच्या दोरीला गळ बांधायचा, दोरी दाराच्या चौकटीवरच्या कडीला अडकवायची आणि गळाला पाण्याने काठोकाठ भरलेली बादली टांगायची. तीस मोजेपर्यंत गाठ धरली तर माणूस पास.

मेहुण्यांनी बाही सरसावून गाठ मारली आणि जोर लावून कोरडीच आवळली. वहिनी कपबश्या मांडत होत्या, त्यांच्या अंगावर काटा आला. नायलॉन कोरडा ओढला की घासून तापतो आणि आतून भाजतो. गाठ वरून छान दिसते आणि ऐन वेळी दगा देते.

"एक, दोन, तीन..." लांब्याने मोजायला सुरुवात केली. नऊला बादली धाडकन खाली आली. पाणी टेबलाखालून थेट शिवायला आलेल्या कपड्यांच्या गाठोड्यापर्यंत गेलं. मंडळी पाय वर घेऊन खो खो हसली. वहिनींनी फडका आणला.

"असू दे, असू दे," मास्तर मेहुण्यांच्या पाठीवर थाप मारत म्हणाले. "शिकाल हळूहळू. अहो, गाठी माझ्याकडे तयार असतात, डझनाने. तुम्ही नुसतं मासे धरा. अगं, यांचं नाव घाल. फॉर्म सहाच्या आत पाठवायचाय."

वहिनी गुडघ्यावर बसून फरशी पुसत होत्या. त्या तशाच उठल्या. हातातला फडका पिळून बादलीच्या काठावर टाकला.

"नापास झाले ना हे?"

"अगं, नियम काय, आपलेच आहेत."

"आपले आहेत ना? मग मीही परीक्षा देते. सहावा बंक मला हवाय."

बेकरीवाल्याने बिस्कीट चहात बुडवलं होतं, ते तिथेच विरघळलं.

"वहिनी, चेष्टा करताय होय?" औषधवाले म्हणाले. "अहो, बोट लागते. बायकांना तर फारच."

"गेल्या वर्षी तीन दिवस बंकवरून उठलं नाही ते कोण होतं, भाऊजी? गोळी उशीखाली सापडली तुमच्या."

लांब्याने कसंबसं हसू दाबलं. मग तोही समजुतीच्या सुरात म्हणाला, "तसं नाही वहिनी. संडास एकच आहे तिथे."

"या घरातही एकच आहे. आणि तो धुते मी."

"आम्ही आपापसात जरा मोकळं बोलतो," बेकरीवाला कपात बघत म्हणाला.

"ती भिंत बघा. तिच्या पलीकडे बसून अकरा वर्षं तुमचं मोकळं बोलणं ऐकतेय. त्यात लपवण्यासारखं काही असतं, तर मला तरी करमणूक झाली असती."

मास्तरांचा चेहरा लालबुंद झाला होता. "लोकांसमोर काय हे? आपण नंतर बोलू."

"नंतर फॉर्म गेलेला असेल," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यांनी लगेच टेबलाचा खण उघडला. दोरी काढली, गळ काढला. दोरी गळाच्या नेढ्यातून दोनदा ओवली, सात वेढे घेतले, टोक मागे घेतलं. गाठ ओठांशी नेऊन ओली केली आणि हळूहळू, दम धरून आवळली. मग मशीनवरच्या रिळाचा लाल धागा तोडून गाठीवर चार वेढे दिले आणि दाताने टोक कापलं. जाड कोटाची बटणं त्या अशीच पक्की करत, आयुष्यभर.

बादली त्यांनी स्वतः भरून आणली. लांब्याने उचलायला हात पुढे केला, त्याला त्यांनी नजरेनेच थांबवलं. बादली टांगली. कुणी मोजेना, म्हणून स्वतःच मोजायला लागल्या. पंधराला त्यांनी शिलाईची लोखंडी इस्त्री उचलली आणि बादलीच्या पाण्यात सोडली. तिसापर्यंत मोजलं, मग चाळिसापर्यंत. बादली जागची हलली नाही.

घड्याळजी उठले, खिशातलं भिंग डोळ्याला लावलं आणि गाठीपाशी वाकले. बराच वेळ वाकून राहिले.

"मास्तर," ते म्हणाले, "ही तर तुमची गाठ आहे."

भिंतीवर फोटो होता. लांब्याच्या हातात एकतीस किलोचा मासा आणि माशाच्या तोंडातून लोंबणारी दोरी, तिला लाल धागा. मास्तरांची गाठ म्हणून ती धक्क्यावर प्रसिद्ध होती. दुसऱ्या बोटींवरचे लोक येऊन ती बघून जात. पहिल्या वर्षी मास्तर "मीच बांधल्या" म्हणाले ते गमतीने, आणि धक्क्यावर उभ्या वहिनीही हसल्या होत्या. दुसऱ्या वर्षी मास्तर तेच गंभीरपणे म्हणाले. तेव्हा बोलायला हवं होतं. त्या बोलल्या नाहीत आणि मग दर वर्षी सहा डझन गाठी मुकाट्याने बांधत राहिल्या.

सगळे मास्तरांकडे बघत होते. मास्तरांनी घसा खाकरला.

"मीच शिकवली तिला," ते म्हणाले.

वहिनींना वाटलं, आत्ताच्या आत्ता ही बादली यांच्या डोक्यावर ओतावी. संताप तर होताच, पण त्याहून जास्त वाईट वाटलं. बंक नाही मिळाला तरी चालेल, असं क्षणभर त्यांच्या मनात आलं, पण हे वाक्य या खोलीत असंच राहू द्यायचं नाही. त्यांनी खणातून दुसरी दोरी काढली, दुसरा गळ काढला आणि दोन्ही नवऱ्यासमोर ठेवलं.

"बांधा मग."

मास्तरांनी दोरी हातात घेतली. ज्या हातांनी शेकडो पोरांना करवत धरायला शिकवली, ते हात दोरीशी चाळा करू लागले. एक वेढा झाला, दुसरा झाला, तिसऱ्याला पहिला सुटला. लांब्या खिडकीबाहेर बघू लागला. औषधवाल्यांनी चष्मा पुसायला काढला. मास्तरांनी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबले आणि दोरी टेबलावर ठेवली.

"गाठी हिच्या आहेत," ते म्हणाले. "पहिल्यापासून. मला येत नाही."

कुणी काही बोलायच्या आत मेहुणे उभे राहिले. त्यांनी आपली छडी उचलली. "मी काही माझ्या गाठीच्या भरवशावर समुद्रात जाणार नाही," ते म्हणाले. "वहिनी, फरशी ओली केली त्याबद्दल माफ करा." आणि ते गेले. चांगला माणूस होता, गाठ तेवढी वाईट होती.

मास्तर खाली मान घालून म्हणाले, "माझा बंक घे तू. मी राहतो घरी."

"तुमची जागा मला नको. रिकामी आहे ती माझी. तुम्हीही यायचं. तिथे सगळ्यांना सांगायचं, धक्क्यावरच्या लोकांनासुद्धा."

मास्तरांनी मान हलवली. वहिनींनी फॉर्म पुढे ओढला आणि सहाव्या ओळीत आपलं नाव लिहिलं, लग्नाआधीच्या शाळेच्या दाखल्यावर लिहिलं होतं तसं, पूर्ण. वय लिहिलं, रक्तगट लिहिला. पोहता येतं का, याच्या पुढे 'होय' लिहिलं. पाचही पुरुषांच्या ओळीत त्या ठिकाणी 'थोडं' होतं.

"मग किनाऱ्यावरचा संपर्क कोण?" लांब्याने विचारलं. त्याच्या आवाजात खरी काळजी होती.

"न्हावीभाऊजी. कंबर धरलीय, फोन उचलायला हात शाबूत आहेत." त्यांनी शेवटच्या रकान्यात न्हाव्याचा नंबर सहा वेळा लिहिला. लिहिताना त्यांना हसू आलं, ते त्यांनी लपवलं नाही.

मंडळी उठून निघाली. बेकरीवाला दारापर्यंत जाऊन थांबला. "वहिनी, ते... सहा डझन गाठींचं यंदा कसं?"

"एक डझन माझ्या, मी बांधीन. बाकीच्या ज्याच्या त्याने."

"आम्हाला कुठे येतात?"

"म्हणून तर म्हणते, बसा."

चार पुरुष परत येऊन बसले. पाचवा आधीपासून बसलेलाच होता. वहिनींनी कपबश्या बाजूला सारल्या, प्रत्येकापुढे एक गळ आणि हातभर दोरी ठेवली आणि आपली खुर्ची टेबलाच्या टोकाला ओढून घेतली. जाड बोटांची धडपड सुरू झाली. पहिली गाठ मास्तरांची झाली. त्यांनी ती दोन्ही हातांनी बायकोपुढे धरली. वहिनींनी गळ एका हातात धरला, दोरी दुसऱ्या हातात धरली आणि ओढली. गाठ अलगद सुटून आली.

"पुन्हा," त्या म्हणाल्या.