शेवंतीच्या विहिरीचा प्रश्न

मी एक प्रश्न बोलतोय. तसा मी बोलका नाही. कुणीतरी मला विचारायचं असतं आणि मी गप्प राहून उत्तराची वाट बघायची असते, असा आमच्या जातीचा धर्म. पण वाट बघून बघून माणूस जसा पायरीवर बसल्याबसल्या स्वतःशीच पुटपुटायला लागतो, तसं माझं झालं आहे. थकलोय हो. जरा ऐकून घ्या.

माझा जन्म गोव्यातल्या डिचोली तालुक्यात, सुर्ल्याच्या वाटेवरच्या एका लहानशा वाडीत, विहिरीच्या काठावर झाला. मला जन्म दिला शेवंतीनं. ही बाई म्हणजे सोमवार, संकष्टी, एकादशी काही चुकवणार नाही, आणि दारात आलेल्याला पाणी दिल्याशिवाय पाठवणार नाही. तिच्या विहिरीला पूर्वी ऐन वैशाखातसुद्धा चार हात पाणी असायचं. मग शेजारच्या डोंगरात खाण खोल खोल गेली, खाणीत साठलेलं पाणी पंपांनी उपसून बाहेर सोडायला लागले, आणि इकडे विहिरीचा तळ दिसायला लागला. पावसात ती भरायची, पण पाणी कसं, तर पान खाऊन थुंकल्यासारखं तांबडं. उन्हाळ्यात कंपनीचा टँकर यायचा, पण तो त्याच्या मर्जीचा मालक.

शेवंतीचा नवरा सगुण त्याच खाणीवर ट्रक चालवायचा. म्हणून घरात या विषयावर कोणी मोठ्यानं बोलत नसे. मीही बरेच दिवस तिच्या मनातच होतो. बाहेर काढलं मला तिच्या विहीणबाईंनी.

शेवंतीची एकुलती लेक विनोदिनी हरमलला दिलेली. लग्नानंतरच्या पहिल्या वैशाखात ती माहेरी आली, तेव्हा तिची सासू जानकी पोचवायला आली होती. पाय धुवायला म्हणून जानकीबाई विहिरीवर गेल्या, कळशी सोडली, ती खडकावर ठण्णकन आपटली. त्यांनी वाकून बघितलं आणि हसत हसत म्हणाल्या,

"शेवंतीबाये, पयलें बाळंतपण माहेरा करतात खरें. पूण तुमगेर न्हाणयतलीं कशीं? टँकर येय मेरेन बाळंतिणीक पाटार बसोवन दवरतलीं?"

शेवंतीही हसली. टँकर येईपर्यंत बाळंतिणीला पाटावर बसवून ठेवणार का, हा विहीणबाईंचा टोमणा; त्याला हसायचंच असतं. पण त्या गेल्यावर ती विहिरीच्या कठड्याला टेकली आणि म्हणाली, "माझ्या लेकीला मी घरी आणू शकेन का?" तोच मी.

पहिल्यांदा तिनं मला नेलं सातेरीच्या देवळात. आमच्याकडे कुठलाही प्रश्न आधी देवीकडे जातो. गुरव मूर्तीवर ओल्या पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो, आणि मग सगळे श्वास रोखून बघतात. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. माझ्या वेळी उजवी पडली. शेवंतीनं पदरानं डोळे पुसले. "देवी हय म्हणली. आतां सरकाराक विचारूंया."

वाडीतलाच गुरुदास डिचोलीला आमदारांची कागदपत्रं सांभाळायचा. शेवंती आणि तिची शेजारीण पद्मावती त्याच्याकडे गेल्या. गोव्याचं घटक राज्य होऊन दोनेक वर्षंच झाली होती. भाषेचा वाद अजून चुलीतल्या निखाऱ्यासारखा आतून धुमसत होता, त्यामुळे गुरुदासनं आधी विचारलं, "वयनी, मराठींत बरोवं काय कोंकणींत?"

"म्हजे बांयेक तान लागल्या रे," शेवंती म्हणाली, "तिका खंयचीय भास चलता." बांय म्हणजे विहीर; तहानेला कुठलीही भाषा चालते.

"कसो विचारूं सांग."

"देवीक विचारता तसो. रागान न्हय. हय काय ना, इतलेंच."

तसाच लिहिला गेलो मी, आमदारांच्या सहीनं. 'हे खरे आहे काय की, सदर वाडीतील विहिरीस पिण्यायोग्य पाणी नाही? असल्यास त्याची कारणे काय? आणि त्यावर शासन काय उपाय करणार आहे?' एकाचे तीन झालो. अ, आ, इ. अंगावर टंकलेखनाची शाई, डोक्यावर क्रमांक. बाजूला लिहिलं होतं, अतारांकित.

"अतारांकित म्हणजे कितें रे?" पद्मावतीनं विचारलं.

"ज्या प्रश्नाक तारो आसता, ताका मंत्री उबो रावन जाप दिता. ह्याका कागदार मेळटली."

"म्हणजे आमच्या प्रश्नाच्या कपलाक कुकूम ना म्हण!"

"पदू, तोंड आवर गे," शेवंती म्हणाली. "कागदार मेळूं, तोंडान मेळूं. जाप मेळ्ळ्या म्हणजे पावलें." जाप म्हणजे उत्तर, तेवढंच तिला हवं होतं.

मी पणजीला निघालो. मांडवीच्या काठी जुन्या राजवाड्यात तेव्हा विधानसभा भरायची. तिथे माझ्यासारखे कितीतरी होते. कुणी फेरीबोटीचा, कुणी शाळेच्या छपराचा, कुणी बसथांब्याचा. काही इतके जुने की ते कशासाठी जन्मले हेच विसरलेले. एका टेबलावरून दुसऱ्यावर आम्हाला ढकलायचे. एका टेबलावर आमच्या अंगावर चहाचा पेला ठेवला जाई, दुसऱ्यावर पंख्याच्या वाऱ्यानं उडू नये म्हणून दगड. बायामाणसांच्या गाऱ्हाण्यांवर दगड ठेवायला माणसांना काही वाटत नाही, हे मी तिथे शिकलो.

खात्यानं चौकशीला एक साहेब पाठवले. ते आले आषाढातल्या एका सोमवारी, धो धो पाऊस पडत असताना. विहीर काठोकाठ भरलेली. त्या सोमवारी पूजेसाठी म्हणून शेवंतीनं पहाटेच डोंगरापलीकडच्या झरीवरून एक कळशी भरून आणली होती. हे सोमवार तिनं विनोदिनीसाठी धरले होते, कारण हरमलहून तेव्हाच निरोप आला होता की लेकीला दिवस गेलेत. साहेब भिजत आले, विहीर लांबूनच बघून ओसरीवर टेकले. शेवंतीनं गुळाचा खडा दिला आणि त्याच कळशीतलं पाणी तांब्यात ओतून पुढे केलं. आलेल्या माणसाला तांबडं पाणी कसं द्यायचं?

साहेबांनी तांब्या रिकामा केला. "गोड पाणी हो तुमचं," म्हणाले.

शेवंतीला बरं वाटलं. ती म्हणाली, "घ्या आणखी."

मी तिथे असतो तर ओरडलो असतो. पण मी पणजीला, दगडाखाली.

उत्तर आलं. गुरुदास स्वतः वाचून दाखवायला आला. अंगणात सात-आठ बायका जमल्या.

"अ. नाही. विहिरीत भरपूर पाणी असून ते नितळ व पिण्यायोग्य असल्याचे पाहणीत आढळले. आ. प्रश्न उद्भवत नाही. इ. प्रश्न उद्भवत नाही."

"उद्भवना म्हणजे?" पद्मावतीनं विचारलं.

"म्हणजे... असो प्रश्नच ना, अशें."

पागोळ्या तेवढ्या गळत होत्या. जो जन्मला आहे, ज्याला नाव-क्रमांक आहे, ज्याच्यासाठी एका बाईनं उपास धरलेत, त्याला लिहून कळवायचं की तू उद्भवलाच नाहीस! मला किती लागलं ते कुणाला सांगू? पण शेवंतीकडे बघितलं आणि माझं दुःख विसरलो. पाणी कुठलं होतं ते तिच्या ध्यानात आलं होतं. ती आत गेली आणि तो तांब्या घासत बसली. स्वच्छ होता, तरी घासत बसली.

संध्याकाळी सगुण घरी आला. त्याला कळलं होतंच. बायकोला ओरडेल असं सगळ्यांना वाटलं. तो एवढंच म्हणाला, "तुवें उदक दिलें तें वायट न्हय. ताणें खंयच्या बांयचें तें विचारूंक जाय आशिल्लें."

पाचव्या दिवशी भाजी चिरता चिरता तिनं विळी थांबवली.

"पदू, आमीच चुकलीं गे. देवीक तोंड ना, म्हणून आमी तिका उजवें-दावें विचारतात. मंत्र्याक तोंड आसा मगे? ताका उजवें-दावें कित्याक विचारलें?"

पद्मावती हसत सुटली. पण शेवंती खरंच बोलत होती. ती तशीच ओले हात पुसत गुरुदासकडे गेली आणि मला नव्यानं सांगितलं. 'येत्या चैत्रात या वाडीतील माणसांनी कोणत्या विहिरीचे पाणी प्यावे, हे मंत्रिमहोदय सांगतील काय?'

गुरुदासनं दोनदा वाचलं. "वयनी, हाका 'ना' म्हणूंक येवचें ना!"

"म्हणूनच," शेवंती म्हणाली.

त्या दिवसाइतका तरणा मी कधी नव्हतो. मला एकच अंग होतं, अ-आ-इ नव्हती. पणजीला गेलो तेव्हा वाटलं, या खेपेला कुणीतरी मान वर करून बघेल. बघितलंही. एक कारकून दुसऱ्याला म्हणाला, "हें बरें विचारलां रे." मग ते दोघं जेवायला गेले.

उत्तर आलं. 'माहिती गोळा करण्यात येत असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल.'

'नाही' परवडलं. 'नाही' म्हटलं की माणूस भांडतो, रडतो, दुसरी वाट धरतो. पण 'गोळा करण्यात येत आहे' म्हटलं की बिचारा दाराकडे बघत बसतो. शेवंती तशीच बसली. दिवाळी गेली. विनोदिनीला सातवा लागला. शेवंती हरमलला ओटी भरायला गेली तेव्हा जानकीबाईंना म्हणाली, "माहिती एकठांय करतात, चैत्रामेरेन जातलें." मग निवडणूक आली, सभागृहाची मुदत संपली, आणि तिथे उत्तराशिवाय राहिलेले आम्ही सगळे त्याच्याबरोबर संपलो. त्याला एक शब्द आहे, व्यपगत. नियमाप्रमाणे मी मेलो. गुरुदासनं हे शेवंतीला सांगितलंच नाही. कुठल्या तोंडानं सांगणार?

फाल्गुनात कळशी पुन्हा खडकावर वाजली. टँकर दोन आठवडे फिरकला नाही. मग शेवंतीनंच हरमलला निरोप पाठवला, पोरीला आणू नका, मीच येते.

आपल्याकडे आई लेकीच्या सासरी बाळंतपण करायला जात नाही. शेवंती गेली. मान खाली घालून, हातात डिंकाच्या लाडवांचा डबा आणि वेखंडाची पुडी घेऊन गेली. चैत्रात विनोदिनीला मुलगी झाली. जानकीबाईंच्या परसात माडाखाली विहीर होती. शेवंती रोज तिथलं पाणी ओढायची, चुलीवर तापवायची, लेकीला नि नातीला न्हाऊ घालायची. मी तिच्या ओठांवर होतो, पण तिनं मला एकदाही बाहेर काढलं नाही.

काढलं ते जानकीबाईंनीच. एक दिवस तेल गरम करता करता म्हणाल्या, "तुमच्या त्या प्रश्नाचें कितें जालें गे?"

"माहिती एकठांय करतात."

"अजून? माहिती म्हणजे काजू गे, वेंचून वेंचून एकठांय करूंक?"

विनोदिनी हसली, शेवंतीही हसली. हसता हसता तिचं हसू कुठे फुटलं ते तिला कळलं नाही. पदर तोंडाला लावून ती न्हाणीच्या पायरीवर बसली. जानकीबाईंनी तेलाची वाटी खाली ठेवली. टोमणा मारणारी बाई ती, पण त्या दिवशी शेवंतीजवळची घागर तिनं काढून घेतली आणि स्वतः पाणी ओढायला गेली. तिथून ओरडून म्हणाली, "रडूं नाका गे बाये, तुमी कितें बांय सुकयली?"

बारसं झालं. शेवंती परतायला निघाली तेव्हा विनोदिनीनं बाळाला तिच्याजवळ दिलं आणि विचारलं, "आई, हांव हिका घेवन घरा केन्ना येवं?"

शेवंतीनं बाळाच्या टाळूला ओठ लावले. 'बघू' म्हणायला तोंड उघडलं, पण म्हणाली नाही. ते पणजीवाल्यांसारखं झालं असतं.

आता माझी एवढीच विनंती आहे. उत्तरं लिहिणाऱ्या माणसांनो, तुम्हालाही वरून हुकूम असतील, घाई असेल, मी समजू शकतो. माहिती नसेल तर माहिती नाही असं लिहा. करणार नसाल तर करणार नाही असं लिहा. पण जो आहे त्याला उद्भवत नाही म्हणू नका. आमच्या मागे माणसं असतात. देवाच्या दारात उभं राहून आलेली असतात ती.

हरमलहून येताना शेवंतीची बस डिचोलीला थांबली. तिथून वाडीची बस लगेच होती. शेवंती त्या बसजवळ गेली, पायरीवर एक पाय ठेवला, आणि काढून घेतला. रिकामा डबा काखेत मारून ती नव्या आमदारांच्या घराकडे चालायला लागली. माणूस नवा, घर नवं, पत्ता विचारत विचारत पोचली. व्हरांड्यात आधीच बरीच माणसं बसलेली. ती खांबाशी उभी राहिली.

आमदारांची बायको आतून आली. सगळ्यांकडे बघत शेवंतीपाशी थांबली. "बाये, कितें जाय?"

"कांय नाका," शेवंती म्हणाली. "एक विचारूंक आयल्यां."