कुऱ्हाडीचे छिद्र

सुज्ञ वाचकहो, माझ्या सुडाची हकीकत मी येथे सविनय निवेदन करीत आहे.

गतवर्षी तलावावरील मासेमारीच्या वादातून घनश्यामने माझ्या डोंग्यास कुऱ्हाडीने छिद्र पाडले होते. मी ते डांबराने बुजविले, तरी पाणी झिरपतच राहिले. यंदा वैनगंगेच्या पुराने त्याच्या टोल्याचे, म्हणजे छोट्या वस्तीचे, बेट झाले. त्याची लेकरे तिकडे उपाशी अडकली. मदतीचा तांदूळ नेण्यास माझाच डोंगा उपलब्ध होता. घनश्यामही पोत्यांसोबत बसला.

मध्यधारेत तो ओरडला, "परसरामभाऊ, पाणी भरून राह्यलं! तांदूळ भिजतीन ना!"

"भोक तूच पाडलं. घे टमरेल, उपस."

मी वल्हे मुद्दाम सावकाश मारले. त्याच्या तळहातांस फोड आले. तांदूळ कोरडा पोहोचला, लेकरे जेवली. घनश्यामने हात जोडून क्षमा मागितली. मी ती दिली नाही.

वाचकांचा ऋणी,
परसराम नान्हे, तालुका सावली